शेंडा, पाला आणि काटा

मराठवाड्यात अंबाडीची भाजी कुणी कुणाला शिकवत नाही. तुरीची डाळ नाहीतर ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची, वर लसणाची चरचरीत फोडणी द्यायची आणि भाकरी कुस्करून खायची. जालना जिल्ह्यात तुरी-कपाशीच्या कडेने अंबाडीचे चार तास टाकायची रीत जुनी आहे. पाला भाजीला, वाख दोरीला. या वाखाच्या अंबाडीचं शास्त्रीय नाव ‘हिबिस्कस कॅनाबिनस’. लिनियसने ते दिलं आणि त्याचा अर्थ ‘गांजाच्या झाडासारखी पानं असलेली जास्वंद’ असा होतो. म्हणजे ज्या पानाची भाजी आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, त्याला नाव देताना शास्त्रज्ञाला गांजाची आठवण झाली.

दोन्ही पानं शेजारी ठेवली तर फरक लगेच कळतो. अंबाडीचं पान वरच्या बाजूला बोटांसारखं फाटलेलं असतं, पण बुडाशी एकसंध राहतं. गांजाच्या पानाची बोटं देठापर्यंत सुटी असतात आणि प्रत्येकाला करवतीसारखी धार असते. अंबाडी चावली तर आंबट लागते. गांजाचा शेंडा चुरगळला तर बोटांना चिकटा लागतो आणि वास हाताला धरून बसतो. आपल्याकडे ज्या ‘सणा’च्या दोऱ्या वळतात तो ताग, तो तर थेट कडधान्याच्या कुळातला. पण इंग्रजीत या तिघांनाही ‘हेम्प’च म्हणतात, म्हणून जुने सरकारी कागद वाचताना सावध राहावं लागतं.

झाड ओळखणं हा सोपा भाग झाला. त्याच झाडाचा कुठला भाग ‘अमली पदार्थ’, कुठला नाही आणि किती वजनाला किती वर्षं, हा खरा अवघड भाग. त्याचं उत्तर वनस्पतिशास्त्रात मिळत नाही आणि वैद्यकातही मिळत नाही. ते कायद्याच्या एका व्याख्येत आणि वजनकाट्यावर आहे.

भोकरदन, जाफराबाद, मंठा, घनसावंगी, यांतल्या कुठल्याही तालुक्यातलं एक शेत डोळ्यांसमोर आणा. तूर कमरेच्या वर आलेली. स्थानिक गुन्हे शाखेला ‘गुप्त बातमीदाराकडून’ माहिती मिळते. पथक निघतं, सोबत राजपत्रित अधिकारी म्हणून नायब तहसीलदार, दोन पंच, फोटोग्राफर आणि गावातल्या किराणा दुकानातून उचलून आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा. तुरीच्या ओळींमध्ये वेगळ्या हिरव्या रंगाची झाडं दिसतात. ती मुळासकट उपटतात, माती झटकतात, मोजतात, पोत्यात भरतात आणि पोतं काट्यावर ठेवतात. बांधावर बसून पंचनामा लिहिला जातो. त्यातलं वाक्य ठरलेलं असतं: ‘हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, बिया व काड्या असलेला गांजासदृश पदार्थ.’ पुढे वजन, पुढे बाजारभावाने किंमत, खाली सह्या.

‘गांजासदृश’ हा शब्द मला फार आवडतो. आपल्या पोलिसी मराठीत इतका प्रामाणिक शब्द दुसरा नाही. रसायन परीक्षकाचा अहवाल येईपर्यंत तो गांजा नसतो, गांजासारखा असतो. पण वजनाच्या रकान्यात मात्र काही ‘सदृश’ नसतं. तिथे किलो-ग्रॅम पक्के लिहिलेले असतात, आणि आरोपीचं पुढचं वर्षभर त्या आकड्यावर ठरतं.

आता व्याख्या पाहू. सगळा देश ज्याला ‘एनडीपीएस’ म्हणतो तो कायदा १९८५ चा. मराठीत त्याचं नाव ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’. इतकं लांब, की न्यायालयातही कुणी ते पूर्ण उच्चारत नाही. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. त्यात कोकाचं पान, अफू, अफूची बोंडं आणि कॅनाबिस हे सगळे ‘गुंगीकारक’ या एकाच टोपलीत आहेत. गांजाचा परिणाम मनावर होतो हे कुणीही सांगेल, तरीही कायद्याने त्याला ‘मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या’ टोपलीत न घालता अफूच्या शेजारी बसवलं. कारण औषधशास्त्रीय नाही. आंतरराष्ट्रीय करारांत तो आधीपासून अफूच्या शेजारी बसलेला होता.

कॅनाबिसचे कायद्याने तीन भाग केले. पहिला चरस, म्हणजे झाडापासून वेगळा केलेला चीक. दुसरा गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्यावर किंवा फळावर आलेले शेंडे; आणि कंसात महत्त्वाची ओळ, की शेंड्यांसोबत नसतील तेव्हा पानं आणि बिया वगळून. तिसरा भाग म्हणजे या दोहोंचं कुठलंही मिश्रण किंवा त्यापासून केलेलं पेय. नुसत्या पानांची भांग या यादीत नाही.

ही कंसातली ओळ आली कुठून? तिचा प्रवास आपल्याच बाजारातून सुरू होतो.

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये १८९३ साली विल्यम केन या दारूबंदीवादी खासदाराने हिंदुस्थानातल्या गांजाच्या दुष्परिणामांचा प्रश्न लावून धरला. त्यातून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं गेलं. सात सदस्य, त्यांत तीन हिंदी. त्यांनी ११९३ साक्षीदार तपासले: डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी, व्यापारी, शेतकरी. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की बेताने सेवन करणाऱ्यांना म्हणण्यासारखी इजा होत नाही; सरसकट बंदी नको, परवाना आणि कर मात्र कडक ठेवा. अहवाल इंग्रज सरकारच्या महसुलाला सोयीचा होता हे खरं. पण आजही तो वाचताना जाणवतं, की माणसं नीट तपासून लिहिलेला आहे.

आपल्या विषयासाठी त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची. कमिशनने बाजारात चालत आलेली त्रिविध वाटणी जशीच्या तशी उचलली: पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, चिकाचा चरस. बंगालमधल्या नौगावच्या गांजामहालात तर ‘पोद्दार’ नावाचा जाणकार शेताशेतांतून फिरून नर झाडं वेचून उपटायचा, कारण नराचा पराग लागला की मादीला बी धरतं आणि माल उतरतो. शेतकरी, पोद्दार आणि गिऱ्हाईक यांना कुठला भाग कशाला लागतो हे पाठ होतं. कमिशनने ते कागदावर घेतलं.

पुढे १९२५ मध्ये जिनिव्हाच्या अफू परिषदेत इजिप्तने आग्रह धरला आणि ‘इंडियन हेम्प’ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय करारात शिरलं. व्याख्या होती: मादी झाडाचे वाळलेले, फुलोऱ्यावर किंवा फळावर आलेले शेंडे, ज्यातून चीक काढून घेतलेला नाही. ३० मार्च १९६१ रोजी न्यूयॉर्कला झालेल्या अमली पदार्थांवरच्या एकछत्री करारात ‘मादी’ आणि ‘वाळलेले’ हे दोन्ही शब्द गळाले आणि पानं-बिया वगळणारा कंस आला. पानांच्या भांगेचा वापर आपल्याकडे किती रुजलेला आहे हे जगाला माहीत होतं. ज्या देशांत गांजाची जुनी वहिवाट आहे त्यांना ती बंद करायला करार लागू झाल्यापासून २५ वर्षांची मुदत मिळाली. करार डिसेंबर १९६४ मध्ये लागू झाला, म्हणजे मुदत डिसेंबर १९८९ ला संपणार होती. दिल्लीचा १९८५ चा कायदा या मुदतीच्या आत बसतो.

म्हणजे बाजारातला शब्द कमिशनच्या अहवालात गेला, तिथून जिनिव्हाला, न्यूयॉर्कला, दिल्लीला आणि शेवटी जालन्याच्या बांधावरच्या पंचनाम्यात परत आला. जाताना तो माल ओळखण्यासाठी होता. परत आला तो माणूस आत घालण्यासाठी.

कमिशन आणि जिनिव्हाच्या काळात जालना कुठे होतं, हेही इथे सांगायला हवं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि गांजा हा तिथे आबकारी खात्याचा, म्हणजे परवाना आणि महसुलाचा विषय होता. पुढे मराठवाडा मुंबई राज्यात आला, महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला. ‘जालना सोने का पालना’ म्हणणाऱ्या या व्यापारी गावाने नंतर बियाण्यांच्या कंपन्या, लोखंडाचे कारखाने आणि मोसंबी यांवर नाव कमावलं. बियाण्यांच्या या जिल्ह्यात कायद्याने एका बीला मात्र मातीत जायची मनाई केली आहे. ते बी जवळ असणं गुन्हा नाही, पेरणं गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या बियांना आणि त्यांच्या तेलाला अन्नपदार्थ म्हणून मान्यता दिली.

पानाचीही अशीच तऱ्हा. केंद्राच्या कायद्यात नुसतं पान सुटलं, पण महाराष्ट्रात भांग घोटणाऱ्याने लगेच खूश व्हायचं कारण नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने, जो आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, ‘मादक द्रव्या’त भांगही धरली आहे, परवान्याशिवाय ती बाळगता किंवा विकता येत नाही. गुजरातलाही हाच कायदा वारशाने मिळाला होता. त्यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये भांगेला त्यातून वगळलं. आपण वगळलेलं नाही. पान दिल्लीत सुटलं आणि मुंबईत अडकलं.

आता काट्याकडे येऊ. १९८५ च्या मूळ कायद्यात वजनाच्या पायऱ्या जवळपास नव्हत्याच. गांजा बाळगला किंवा झाड लावलं तर जास्तीत जास्त ५ वर्षं आणि ५० हजार दंड; चरस असेल तर मात्र किमान १० वर्षं. २००१ च्या दुरुस्तीने पायऱ्या आणल्या. १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेत प्रत्येक पदार्थापुढे दोन आकडे छापले आहेत. गांजासाठी ‘अल्प प्रमाण’ १ किलो आणि ‘व्यावसायिक प्रमाण’ २० किलो. चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो. अल्प प्रमाणाला आज कमाल १ वर्ष किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. मधल्या पायरीला १० वर्षांपर्यंत आणि लाखापर्यंत दंड. २० किलोच्या वर गेलं की किमान १०, कमाल २० वर्षं आणि १ ते २ लाख दंड.

ही दुरुस्ती ‘शिक्षा प्रमाणात आणणारी’ म्हणून मांडली गेली, आणि हेरॉइनच्या चिमटीभर पुडीसाठी दहा वर्षं जाणाऱ्या नशाबाजाच्या बाबतीत ते खरंही होतं. गांजाच्या बाबतीत मात्र उलटं झालं. ज्या गुन्ह्याला कमाल ५ वर्षं होती, तिथे २० पर्यंतची वाट उघडली, आणि झाड लावण्याची कमाल शिक्षा ५ वरून १० झाली. सुधारणेच्या नावाखाली गांजावाल्याची शिक्षा वाढली, हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

आणि २० किलोचा हा आकडा नुसता शिक्षेचा नाही. तो जामिनाचाही आहे. व्यावसायिक प्रमाण असलं की कलम ३७ लागतं: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशाची दोन्ही बाबतींत खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. दोषारोपपत्रासाठी पोलिसांना १८० दिवस मिळतात. १९ किलो ९०० ग्रॅमवाला तारखांमध्ये सुटून येतो, २० किलो १०० ग्रॅमवाला आतच राहतो. फरक २०० ग्रॅमचा. ओल्या झाडाच्या मुळाला चिकटलेली माती त्याहून जास्त भरते.

म्हणून पोत्यात काय काय घातलं, हा प्रश्न फाटे फोडण्याचा नाही. पुरुषभर उंचीच्या झाडात वजन असतं ते खोडात आणि फांद्यांत. व्याख्येत खोड नाही, मूळ नाही. शेंड्यासोबतचं पान आहे, सुटं पान नाही. तरीही झाड सरसकट काट्यावर जातं. आणि तेही ओलं. आठवडाभर वाळवलं की त्याच ढिगाचं वजन बरंच उतरतं.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्यासमोर जामिनाचं असंच एक प्रकरण आलं. जप्ती ४८ किलोंची, म्हणजे दुपटीहून जास्त. पण कागदोपत्री वर्णन होतं हिरव्या पाल्याचं. न्यायालयाने व्याख्येचा कंस उघडून दाखवला: शेंडे नसतील तर पानं आणि बिया मोजायच्या नाहीत; मग व्यावसायिक प्रमाण झालं हे ठरवायचं कसं? जामीन मिळाला. त्याच्या उलट दिशेचाही निकाल लक्षात ठेवला पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की अमली पदार्थात दुसरं काही मिसळलेलं असेल तर शुद्ध अंश नव्हे, सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. हेरॉइनमध्ये पीठ मिसळणाऱ्याला हे बरोबर लागू पडतं. पण झाडाला स्वतःचं खोड असणं ही भेसळ नव्हे, असं माझं मत.

गोव्यातला एक जुना खटला तर शाळेत शिकवावा असा आहे. एका परदेशी पर्यटकाकडे चरसचे दोन तुकडे सापडले, मिळून १२ ग्रॅम. त्या वेळी चरसचं अल्प प्रमाण होतं ५ ग्रॅम. पोलिसांनी तपासणीला पाठवला तो एकच तुकडा, पाच ग्रॅमच्या आतला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जो तपासला तोच चरस म्हणून सिद्ध झाला, दुसरा काय होता ते आम्ही गृहीत धरणार नाही. दहा वर्षांची शिक्षा सहा महिन्यांवर आली. डिसेंबर २०२२ च्या नियमांनी आता नमुन्याची रीत बांधून दिली आहे: मॅजिस्ट्रेटसमोर, प्रत्येक पुड्यातून, दोन प्रतींत, आणि गांजा असेल तर प्रत्येकी किमान २४ ग्रॅम.

लागवडीचं कलम वेगळं आहे. त्यात किलोच्या पायऱ्या नाहीत. एक झाड काय आणि शंभर काय, कमाल १० वर्षं. कायद्याने ‘कॅनाबिस कुळातलं कुठलंही झाड’ म्हटल्यामुळे ज्यातून बाजारातला गांजा निघत नाही ते नर झाडही यात येतं. मात्र झाड तिथे असणं आणि ते लावलेलं असणं यात फरक आहे. २००३ च्या अखेरीस उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं ते याच मुद्द्यावर: झाडं त्यानेच लावली, जोपासली, याचा पुरावा कुठे आहे? जालन्यात सामाईक सातबारा ही नित्याची गोष्ट. चार भावांच्या नावावर जमीन, कसणारा बटईदार पाचवाच. अशा ठिकाणी हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा लागतो.

गावानेही हात वर करून चालत नाही. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत असं झाड आहे हे कळल्यावर ते न कळवणारा जमीनधारक शिक्षेला पात्र ठरतो, आणि कलम ४७ ने सरपंच, पंच आणि गावकामगारांवरही माहिती देण्याचं बंधन टाकलं आहे.

माल मात्र बांधावरच्या दहा-वीस झाडांतून फारसा येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव तालुक्यात केंद्रीय पथकाने एका ट्रकमधून ११२७ किलो गांजा पकडला. तो आंध्रातून आला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने, कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावायची परवानगी थेट सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. त्यावर हसणारे हसले. अर्ज चुकीच्या टेबलावर होता, पण मागणी कायद्याबाहेरची म्हणता येत नाही: कलम १० आणि १४ मध्ये सरकारला अशी परवानगी देता येते, आणि धागा-बियांसाठी उत्तराखंडने २०१८ मध्ये ती दिलीसुद्धा. जगाची पट्टीही हलते आहे. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिसला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून काढलं. त्या २७ मध्ये भारताचं मत होतं. देशातला कायदा आहे तिथेच आहे.

तेव्हा कधी बांधावर पंच म्हणून बोलावणं आलं, तर उन्हात कंटाळून कोऱ्या जागेखाली सही करू नका. दोन रकाने वाचा, ‘वर्णन’ आणि ‘वजन’. मुळं तोडली का, माती झटकली का, शेंडे वेगळे मोजले का, काटा आधी शून्यावर होता का, हे विचारा आणि जे झालं तेवढंच लिहायला सांगा. साक्षीला तुम्हालाच उभं राहायचं आहे.